बोटांचा पंचनामा

फेब्रुवारी 1677. व्होल्गाच्या वरच्या अंगाला, त्वेर प्रांतातलं काशिन नावाचं लहानसं गाव. मॉस्कोचे पॅट्रिआर्क योआकिम यांनी नेमलेले चार धर्माधिकारी तिथल्या मोठ्या चर्चमध्ये एका बाईची शवपेटी उघडून बसले होते. बाई जाऊन तीनशेहून जास्त वर्षं झाली होती. अधिकाऱ्यांना बघायचा होता तिचा उजवा हात. त्यातही हाताची बोटं. अंगठ्याशेजारची दोन बोटं आशीर्वादाला उचलल्यासारखी जुळलेली आहेत का, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

ही बाई संत होती. फक्त सत्तावीस वर्षांपूर्वी खुद्द झार तिच्या उत्सवाला काशिनला आला होता. आता तिचं संतपद त्या दोन बोटांवर अडलं होतं.

आपल्याला हे ऐकून हसू येईल, पण फार हसू नये. उभं गंध की आडवं, यावरून आपल्याकडे कमी डोकी फुटलेली नाहीत, आणि एकादशी स्मार्तांची कुठली नि भागवतांची कुठली हे कॅलेंडरवाले आजही न चुकता छापतात. रशियातला वाद छातीवर क्रूस काढण्याचा होता. जुनी रीत दोन बोटांची. तर्जनी आणि मधलं बोट सरळ, बाकीची मिटलेली. 1653 मध्ये पॅट्रिआर्क निकोन यांनी ग्रीक चर्चप्रमाणे तीन बोटं जुळवायचा हुकूम काढला. अंगठा, तर्जनी, मधलं. हुकूम मानला नाही त्यांच्यावर 1666-67 च्या धर्मसभेने बहिष्कार घातला. उत्तरेच्या समुद्रातल्या सोलोवेत्स्की मठाने ऐकलं नाही, तर सरकारी फौज 1668 पासून आठ वर्षं त्याला वेढा घालून बसली. हा वेढा संपून वर्षच झालं होतं, तेवढ्यात कुजबुज सुरू झाली, की काशिनच्या राजकन्येचा हात बघा, तिची बोटं दोनच आहेत. संतच जुन्या रीतीची साक्ष देतेय, तर मग निकोनचं खरं कसं?

मेलेल्या बाईला सरकारविरुद्ध साक्षीला उभं केलं गेलं होतं. सरकार तपासणीला येणारच होतं.

*

तिचं नाव आन्ना. मराठी कानाला अण्णा म्हणजे घरातला थोरला पुरुष, म्हणून आधीच सांगून टाकलेलं बरं. जन्म 1280 च्या आसपासचा, रोस्तोव्हच्या राजघराण्यातला. बापाचं नाव दिमित्री बोरिसोविच. मंगोलांच्या स्वारीत हे घराणं चांगलंच पोळलेलं. पणजोबा वासिल्को 1238 मध्ये सित नदीच्या लढाईनंतर पकडला गेला आणि बातू खानाची चाकरी नाकारली म्हणून मारला गेला. पणजी मारिया. तिचे वडील, चेर्निगोव्हचे मिखाईल, 1246 मध्ये खानाच्या छावणीत तिथले विधी करायला नकार दिल्यामुळे मारले गेले. दोघेही पुढे संत मानले गेले. पोरीने पाळण्यात ऐकल्या असतील तर त्या असल्या गोष्टी.

8 नोव्हेंबर 1294 ला तिचं लग्न त्वेरचा तरुण राजा मिखाईल यारोस्लाविच याच्याशी झालं. लग्न लागलं ते चर्च नवंकोरं होतं. मंगोलांच्या धक्क्यानंतर त्या भागात दगडी बांधकाम जवळपास थांबलं होतं, आणि त्वेरने ते पुन्हा सुरू केलं होतं. त्वेर चढतीला होतं. मॉस्को तेव्हा शेजारचं एक ईर्ष्याळू संस्थान होतं, फार तर.

सासरी राज्य होतं ते सासूचं. मिखाईलची आई क्सेनिया मोठी वजनदार बाई होती. त्याच काळात त्वेरमध्ये एका ग्रीक इतिहासग्रंथाची सचित्र प्रत तयार झाली. तिच्यात दाते म्हणून एका बाजूला मिखाईल, दुसऱ्या बाजूला क्सेनिया, आणि मध्ये ख्रिस्त आहे. चित्रात सासू आहे, सून नाही. आन्नाच्या चरित्राला हात घालणाऱ्याला हे शेवटपर्यंत छळत राहतं. ती जिथे असायला हवी तिथे दुसरंच कोणीतरी दिसतं. बखरकार तिचं नाव घेतात ते घरात कोणी जन्मलं, मेलं किंवा घर जळलं तरच. 1298 मध्ये राजवाड्याला मध्यरात्री आग लागली. नोकरचाकर झोपलेले, मिखाईलला जाग आली आणि तो बायकोला घेऊन कसाबसा बाहेर पडला. एवढंच. पुढच्या वर्षी मुलगी झाली, फेओदोरा, ती तान्हेपणीच गेली. मग चार मुलगे झाले. दिमित्री, अलेक्झांडर, कोन्स्तान्तिन आणि वासिली.

*

त्या काळचं रशियन राजकारण मराठी वाचकाला समजावून सांगायला फार कष्ट पडत नाहीत, कारण सनद, नजराणा आणि वसुली ही आपल्या ओळखीची मंडळी आहेत. सगळ्या रशियन संस्थानिकांचा धनी होता व्होल्गाच्या खालच्या अंगाला बसलेला मंगोल खान. त्याच्या राज्याला म्हणायचे ओर्दा, म्हणजे छावणी. आपला ‘उर्दू’ शब्दही याच मुळातला. व्लादिमीरचा महाराजा कोण, हे ओर्दात ठरायचं. खानाकडून यार्लिक, म्हणजे सनद, मिळवायची, तिच्या जोरावर बाकीच्यांकडून खंडणी गोळा करायची, थोडी पुढे पोचवायची, थोडी ठेवून घ्यायची.

मिखाईलला ही सनद 1305 च्या सुमारास मिळाली. मॉस्कोच्या युरी दानिलोविचला ते सलत राहिलं. त्याने ओर्दात दोन वर्षं मुक्काम ठोकला आणि असा डाव टाकला की त्यावर तोड नव्हती. उझबेक खानाची बहीण कोंचाका हिच्याशी त्याने लग्न केलं. 1317 मध्ये नवी बायको, नवी सनद आणि मंगोल सरदार कावगादी यांना घेऊन तो त्वेरवर चालून आला. 22 डिसेंबरला बोर्तेनेव्होला लढाई झाली. मिखाईल जिंकला. आणि जिंकण्यातच बुडाला, कारण हाती लागलेल्या कैद्यांत खानाची बहीणही होती, आणि ती त्वेरमध्ये असतानाच मरण पावली. कशाने, ते त्यानंतर कोणी विचारलं नाही. युरी म्हणाला विष घातलं, खानाला तेवढं पुरलं.

बारा वर्षांचा कोन्स्तान्तिन आधीच ओलीस म्हणून ओर्दात गेला होता. ऑगस्ट 1318 मध्ये मिखाईल स्वतः निघाला. त्वेरहून नावेने व्होल्गा उतरत नेर्ल नदीच्या मुखापर्यंत आन्ना आणि धाकटा वासिली सोबत गेले. तिथे निरोप झाला. थोरले दोघे व्लादिमीरपर्यंत गेले आणि विनवत राहिले, तुमच्याऐवजी आम्ही जातो. तो म्हणाला, खानाला तुम्ही नको आहात, मी हवा आहे. मी टाळलं तर राज्याची राखरांगोळी होईल.

त्याच्या मृत्यूनंतर लवकरच त्वेरमध्ये लिहिली गेलेली हत्येची हकीकत आजही वाचवत नाही. गळ्यात जड लाकडी जोखड अडकवून त्याला शिकारीला निघालेल्या छावणीमागून फरफटत कॉकेशसच्या पायथ्याशी, तेरेक नदीपर्यंत नेलं. 22 नोव्हेंबरला मारेकरी तंबूत शिरले. मृतदेह उघडा पडला होता. तेव्हा कावगादी, ज्याने हे सगळं घडवून आणलं तो, युरीला म्हणाला, अरे, हा तुला थोरल्या भावासारखा, बापाच्या जागी; याला असा उघडा काय टाकलास? लेखकाने हे वाक्य कावगादीच्या तोंडी घातलं की तो खरंच बोलला, सांगता यायचं नाही. पण युरीला याहून मोठी चपराक दुसरी नव्हती.

इकडे आन्नाला काही कळलं नव्हतं. देह युरीने मॉस्कोला नेऊन ठेवला. बातमी पोचायला सगळं वर्ष गेलं. मग वाटाघाटी झाल्या. अलेक्झांडर बापाच्या खुन्याकडे तहाला गेला. कोन्स्तान्तिनचं लग्न युरीच्या मुलीशी, सोफियाशी, लागलं. सप्टेंबर 1320 मध्ये मिखाईल त्वेरला परत आला आणि ज्या चर्चमध्ये आन्नाशी लग्न लागलं होतं तिथेच पुरला गेला. नवऱ्याचं प्रेत मिळावं म्हणून मारेकऱ्याची लेक सून करून आणायची. आन्नाला सून कशी वाटली, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

*

थोरला दिमित्री. त्याला लोक ‘भेदक डोळ्यांचा’ म्हणत. 21 नोव्हेंबर 1325 ला, बापाच्या पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी, त्याने ओर्दात युरीला समोर बघितलं आणि तलवार घातली. पुढल्या सप्टेंबरात खानाने त्याला मृत्युदंड दिला.

दुसरा अलेक्झांडर. 1327 च्या उन्हाळ्यात खानाचा चुलतभाऊ चोलखान त्वेरला आला, राजघराण्याला वाड्याबाहेर काढून स्वतः तिथे राहिला. 15 ऑगस्टला दुद्को नावाचा एक पाद्री आपली धष्टपुष्ट घोडी व्होल्गावर पाणी पाजायला नेत होता. मंगोल शिपायांनी ती हिसकावली. त्याने आरोळी ठोकली, “त्वेरकरांनो, सोडू नका!” घोडीवरून सुरू झालेली मारामारी संध्याकाळपर्यंत बंड झाली आणि चोलखान वाड्यासकट जळाला. सूड घ्यायला जी फौज आली तिच्यासोबत होता युरीचा भाऊ इव्हान कलिता. कलिता म्हणजे पैशाचा कसा. टोपणनाव लोक उगीच ठेवत नसतात. त्वेर बेचिराख झालं. अलेक्झांडर प्स्कोव्हला पळाला. कोन्स्तान्तिन आणि वासिली आईला घेऊन दूर उत्तरेला लादोगाला गेले. आन्ना तेव्हा पन्नाशीला टेकली होती. नवरा, मुलगा आणि घर गेल्यानंतरचं तिचं हे निर्वासितपण बखरीत एका ओळीचं आहे.

अलेक्झांडर दहा वर्षं परमुलखात राहून, खानाची माफी मिळवून परतला. दोनच वर्षांत पुन्हा बोलावणं आलं. 1339 च्या शरदात तो निघाला तेव्हा व्होल्गावर समोरून एवढा वारा सुटला, की वल्हेकऱ्यांचं काही चालेना, नाव मागे मागेच येत राहिली, असं बखर सांगते. ऑक्टोबरच्या अखेरीस तो आणि त्याचा मुलगा फ्योदोर दोघेही ओर्दात मारले गेले. कलिताने त्यानंतर त्वेरच्या चर्चची मोठी घंटा उतरवून मॉस्कोला नेली.

नवरा, दोन मुलगे, एक नातू. चौघेही एकाच छावणीत. कोन्स्तान्तिनही पुढे ओर्दातच वारला.

आन्नाने त्वेरच्या सोफिया मठात दीक्षा घेतली. नाव घेतलं येव्फ्रोसिनिया. मठात तरी शांतता मिळावी, तर 1364-65 च्या प्लेगने नातवंडं आणि सुना नेल्या, आणि उरलेला मुलगा वासिली व नातू मिखाईल एकमेकांविरुद्ध राज्यासाठी उभे ठाकले. वासिलीची जहागीर काशिनची. त्याने आईला तिथे नेलं. परंपरेप्रमाणे 2 ऑक्टोबर 1368 ला, नव्वदीच्या घरात, ती काशिनमध्ये गेली. वासिलीही त्याच वर्षी गेला.

आपल्याला ‘संत’ म्हटलं की शब्द आठवतात. मुक्ताईचे अभंग, जनाबाईचं जातं. आन्नाचा एकही शब्द उरलेला नाही. रडण्याचे उल्लेख आहेत, तेही दुसऱ्यांनी केलेले. तिने मठ स्थापला नाही, ग्रंथ लिहवून घेतला नाही, चमत्कार जिवंतपणी केले नाहीत. ती मागे राहिली आणि मढी उतरवून घेत राहिली.

आणि मग विसरली गेली. अडीचशे वर्षं.

*

1611. रशियात गादी रिकामी, गावोगाव पोलिश आणि लिथुआनियन टोळ्या. काशिनवरही त्या चालून आल्या, पण गाव हाती लागलं नाही. लोक म्हणू लागले, कोणीतरी राखतंय. गावच्या जुन्या लाकडी चर्चची फरशी खचली होती आणि तिच्याखालून एक शवपेटी वर आली होती. कोणाची, कोणाला ठाऊक नव्हतं. लोक बिनदिक्कत तिच्यावर टोप्या काढून ठेवत, टेकून बसत. गेरासिम नावाचा चर्चचा सेवेकरी आजारी होता. त्याच्या स्वप्नात जोगिणीच्या वेषात एक बाई आली. तिने आपलं नाव सांगितलं, तू बरा होशील म्हणाली, आणि तक्रार केली, की माझ्या पेटीला तुम्ही किती दिवस असे तुडवणार आहात?

मला हे स्वप्न आन्नाच्या चरित्रात सगळ्यात अस्सल वाटतं. इतिहासात जे कधी मिळालं नाही ते तिला गेरासिमच्या स्वप्नात मिळालं. बोलायला जागा, आणि तीही गाऱ्हाणं सांगायला. एरवी साक्षात्कारात संत उपदेश करतात. ही म्हणाली, माझ्यावर टोप्या ठेवू नका.

बरं वाटलेल्यांची यादी वाढत गेली. जुलै 1649 मध्ये अधिकृत पाहणी झाली. देह बराचसा शाबूत असल्याचा अहवाल मॉस्कोला गेला. 12 जून 1650 ला झार अलेक्सेई मिखाईलोविच राणी आणि बहिणींसह काशिनला आला आणि पवित्र देह जुन्या चर्चमधून दगडी चर्चमध्ये वाजतगाजत हलवला. राजघराण्यातल्या बायकांनी स्वतः भरतकाम केलेलं आच्छादन पेटीवर चढलं. मॉस्कोच्या गादीने जिचा नवरा, मुलं आणि घंटा नेली, तिच्या मिरवणुकीला मॉस्कोच्याच गादीचा धनी. कोणाला खटकल्याची नोंद नाही. मॉस्को तोवर एवढी मोठी झाली होती की जुने गुन्हे तिला आपले वाटतच नव्हते.

तीन वर्षांनी त्याच झारच्या राज्यात निकोनचा हुकूम निघाला.

*

आता पुन्हा त्या फेब्रुवारीकडे. चौघांनी मोजून तेरा विसंगती काढल्या. 1649 च्या अहवालात देह जवळपास अखंड, इथे ठिकठिकाणी झडलेला. तेव्हा उजवा हात आशीर्वाद देतोय असं म्हटलेलं, इथे बोटं नुसतीच सरळ. पेटीनंतर त्यांनी पोथी घेतली. आन्नाचं जे चरित्र पाहणीनंतर घाईघाईने रचलं गेलं होतं त्यात ती काशिनचीच, एका सरदाराची मुलगी होती. चौघांनी जुन्या बखरी उघडून दाखवलं, की ती रोस्तोव्हची राजकन्या.

गंमत अशी, की इथे त्यांचंच खरं होतं. पोथीकाराने गावाला खूश करायला बाईचं माहेर बदललं होतं. निकाल आधीच ठरवून आलेल्या या चौघांनी वाटेत इतिहासाचं खरं काम केलं. पोथी बखरीशी ताडून बघितली आणि आन्नाला तिचं माहेर परत दिलं. आणि लगेच त्याच माहेराचा पुरावा करून तिचं संतपद काढून घेतलं. पोथी खोटी, म्हणून बाई खोटी. पोथी लिहिताना तिला कोणी विचारलं नव्हतं, हा मुद्दा धर्मसभेपुढे आला नसावा.

1678 च्या सभेने निकाल कायम केला. पेटीवर मोहोर लागली. भरजरी आच्छादन काढून नेलं. तिच्या नावाचं प्रार्थनास्थळ ‘सर्व संतांचं’ झालं, म्हणजे तिचं सोडून सगळ्यांचं. पोथीवर शाप. तिच्यासाठी प्रार्थना करायची तर कुठल्याही मृतासाठी करतात तेवढीच. संतांच्या यादीत नाव घालून काढायची आणि पुन्हा घालायची वेळ रशियन चर्चवर आली ती या बाईच्या बाबतीत.

पुन्हा घालायला 231 वर्षं लागली. काशिनकरांनी मधल्या काळात बंड वगैरे केलं नाही. ते फक्त थांबले नाहीत. लग्न ठरलं की पेटीला नमस्कार, पोरगा सैन्यात निघाला की नमस्कार, घरधनी गेला की बाई तिथेच येऊन बसणार. अर्ज जात राहिले, दप्तरात पडत राहिले. मॉस्कोतल्या मोहोरेचं काम मॉस्कोत चालतं, गावातल्या सासुरवाशिणीला तिचं काय! विधवांची आणि पोरक्यांची ही कैवारी कोणत्या सभेने नेमली नव्हती, त्यामुळे कोणत्या सभेला तिला काढताही येत नव्हतं.

1905 मध्ये जुन्या रीतीच्या लोकांवरची बंधनं सैल झाली आणि बोटांचा विखार उतरला. 1908 मध्ये झार निकोलस दुसरा याने संमती दिली. तारीख निवडली तीच जुनी, 12 जून. 1909 च्या त्या दिवशी हजारो लोक काशिनला लोटले. त्यांत झारची मेहुणी येलिझावेता होती. तिचा नवरा सेर्गेई 1905 मध्ये बॉम्बने मारला गेला होता आणि ती दागदागिने विकून मठ उभारण्याच्या खटपटीत होती. आन्नाच्या पेटीपाशी ती काय म्हणाली असेल, ते आपण सोडून देऊ. नऊ वर्षांनी तिलाही मारलं गेलं. 1992 मध्ये तीही संत झाली.

क्रांतीनंतरचं थोडक्यात सांगतो. चर्चं बंद झाली, आन्नाची पेटी या देवळातून त्या देवळात फिरली, पण गावातच राहिली. 1993 पासून ती काशिनच्या स्वर्गारोहण चर्चमध्ये आहे. मिखाईलचं नशीब एवढं नव्हतं. 1549 मध्ये, बायकोच्या शंभर वर्षं आधी, संत झालेला हा राजा ज्या चर्चमध्ये निजला होता ते 1935 मध्ये सुरुंग लावून उडवलं गेलं. त्याच्या अस्थींचा पत्ता नाही. अलीकडे ते चर्च पुन्हा बांधलं, पण तिथली कबर रिकामी आहे.

*

त्या चर्चपासून आपल्या कोकणापर्यंत एक वाट येते. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा त्वेरचा व्यापारी चौलच्या बंदरात उतरला, जुन्नरला पावसाळा काढला, बिदरपर्यंत गेला. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. आपल्या प्रवासाची हकीकत तो सुरू करतो ती त्वेरच्या त्याच सोनेरी घुमटाच्या चर्चचं नाव घेऊन. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा धरून ठेवला आणि धर्म बदल, नाहीतर घोडा विसर, असं सांगितलं, तेव्हा तो हबकला. खानाच्या दारी असा पेच पडलेल्यांच्या गोष्टी त्याच्या गावात कथाकीर्तनासारख्या सांगितल्या जात होत्या. निकितिन सुटला, घोडाही मिळाला. घरी मात्र पोचला नाही, वाटेतच, स्मोलेन्स्कच्या अलीकडे वारला.

निघताना तो त्वेरहून व्होल्गा उतरत काल्याझिनच्या मठात आशीर्वादाला थांबला होता. काशिन तिथून जवळच. तेव्हा तिथली पेटी कोणाच्या ध्यानीमनी नव्हती. आणि त्या वाटेत नेर्लचं मुख लागतं. 1318 च्या ऑगस्टात आन्नाने नवऱ्याला शेवटचं बघितलं ते तिथे. आज ती जागा बघता येत नाही. 1940 च्या आगेमागे उग्लिचचं धरण भरलं आणि नेर्लचा जुना काठ, काल्याझिनचा मठ, अर्धं गाव पाण्याखाली गेलं. वर राहिला तो एका चर्चचा घंटामनोरा. पाण्यातून सरळ वर आलेला. नावाड्यांना खूण म्हणून तेवढा ठेवलाय.